दिलेली गावं

खाजामियाँ मनियार हा माणूस निवृत्त होण्यासाठीच जन्माला आला होता, असं माझं स्पष्ट मत आहे. भोकरचं बांगड्यांचं दुकान बंद करून ते लातूरला मुलाकडे राहायला आले आणि आठवडा उलटायच्या आत त्यांनी आपल्या बसायच्या जागा हेरल्या. सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात पंख्याखालचं बाकडं, दुपारी घरी लोळणं, असरच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर समवयस्कांशी गप्पा. "कसं काय चाचा?" विचारलं की म्हणायचे, "मजेत, बाई. अल्लाचा शुकर." आणि खरोखरच मजेत असायचे. असा माणूस पाहिला की मला बरं वाटायच्या ऐवजी राग येतो.

त्यांच्या बायकोचं, अमीरबीचं, मात्र काही केल्या बूड टेकत नव्हतं.

आम्ही खाडगाव रोडला एकाच इमारतीत राहतो. मी वरच्या मजल्यावर, ते तळमजल्यावर. त्यांचा यासेर एका लॅबमध्ये रक्त तपासतो आणि सून हुमा उर्दू शाळेत शिकवते. हे घर यासेरला मीच सुचवलं होतं, कारण अमीरबी मावशी मला परकी नाही. माझं माहेर भोकरजवळची बोरवाडी. तिथल्या सगळ्या लेकीसुनांसारखा माझाही लग्नाचा चुडा अमीरबीनेच भरला होता. हात असा दाबला होता की मी बोंबललेच. तर म्हणाली, "आत्ताच बोंबलून घे पोरी, सासरी ती सोय न्हाई." तिचं म्हणणं खरं निघालं, ते असो.

भोकरचं दुकान नावापुरतं चाचांचं होतं. धंदा सगळा अमीरबीच्या हातांवर चालायचा. शेतकऱ्याच्या घरात भावाभावांत रानं वाटली जातात, तशी त्यांच्या घरात गावं वाटलेली होती. बाजारात नाहीतर जत्रेत कुणीही कुणालाही बांगड्या विकाव्यात, त्याला मनाई नाही. पण नवरीचा चुडा आणि ओटीभरणाच्या बांगड्या म्हणजे ज्या घराचं गाव, त्याच घरच्या बाईचा हात. कुठे लिहिलेलं नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोडलेलं नाही. अमीरबीला तिच्या सासूने गावं दिली, सासूला तिच्या सासूने. बोरवाडी त्यातलंच एक. आमच्या गावच्या कुठल्या घरात कोण सून आली, कुणाच्या लेकीला कितवा महिना, हे गावच्या आधी अमीरबीला माहीत असायचं.

पण ती कायम एक वाक्य बोलायची. डोक्यावर पेटी, पायात धूळ, उन्हाने तोंड लाल झालेलं, आणि आमच्या ओसरीवर टेकता टेकता म्हणायची, "एकदा यासेरचं झालं की बास. मग बसून खायचं." सगळ्यांनी ते इतकं ऐकलं होतं की तिला स्वतःलासुद्धा ते खरं वाटायला लागलं असावं.

यासेरचं झालं. आणि मग तिने एका झटक्यात सगळी गावं देऊन टाकली. चाचांच्या वारलेल्या भावाचा मुलगा भोकरातच गॅरेजमध्ये काम करतो. त्याची बायको महेरुन साड्यांना फॉल लावून संसाराला हातभार लावायची. तिला घेऊन अमीरबी गावोगाव फिरली. बोरवाडीला आमच्या अंगणात बसली, तेव्हाची गोष्ट मला वहिनीने फोनवर सांगितली. बायकांना गोळा केलं, वहिनीच्या एका हातात स्वतः बांगड्या भरल्या, दुसरा हात महेरुनपुढे धरला आणि म्हणाली, "आजपासून हे गाव हिचं. माझा हात इथं आता चालणार न्हाई." गाव विकायचं नसतं, म्हणून एक छदाम घेतला नाही. बायकांनी डोळे पुसले आणि लेकीची करतात तशी तिची ओटी भरून पाठवणी केली. तिथून मक्केला, उमरा करायला. उमऱ्याहून आल्यावर सगळ्यांना खजूर वाटले. आणि मग लातूर, तळमजला, बसून खायचं.

मी पोस्टात काऊंटरला असते. निवृत्त माणसं माझ्या खिडकीत रोज येतात. पासबुकात काही नवीन नसतं, तरी छापून घ्यायला येतात. आतल्या साहेबाला नमस्कार करतात, पंख्याखाली जरा उभे राहतात आणि जातात. त्यांना घरचे "आराम करा" म्हणत असणार. या दोन शब्दांएवढा निर्दय उपदेश मी दुसरा ऐकला नाही. माझ्या नवऱ्यानेही आमचा बेत आखून ठेवला आहे. देवणीला त्यांच्या वाटणीच्या रानात दोन खोल्या बांधायच्या आणि देवणी गाई पाळायच्या. मी मुदतीआधीच नोकरी सोडावी असा त्यांचा आग्रह आहे. गाईंना काळजी वाटावी इतकं प्रेम ते त्यांच्यावर करतात. धारा कोण काढणार, ते मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मला आपलं कळून चुकलं आहे.

म्हणून मला अमीरबीचा त्रास समजत होता. हुमाला समजत नव्हता, आणि त्यात त्या पोरीची चूक नव्हती. ती शाळेतून यायची तर स्वयंपाकघरातले डबे तिसऱ्याच फळीवर गेलेले असायचे. मसाल्याचा डबा शोधायला सासूला हाक मारावी, तर सासू घरात नाही. ती इमारतीच्या दारात उभी. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईचा हात धरायची खोडच लागली होती तिला. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बोटं जुळवून मापायची आणि म्हणायची, "तुझा हात दिसतो मोठा पण हाय मऊ. बारीक बांगडी जाईल." तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं की त्या आजींना काही आजार आहे का. मी म्हटलं, हो, आहे, आणि तुम्हालाही होणार आहे.

गंजगोलाईत बांगड्यांची दुकानं आहेत. ती तिकडे चालत जायची. विकत काही घ्यायची नाही, नुसती उभी राहायची. एकदा एका दुकानात पोरगी बांगडी चढवताना कळवळली, तर अमीरबीने दुकानदाराच्या हातून तिचा हात ओढून घेतला. दुकानदार चिडला. म्हणाला, "मावशी, घ्यायचं असलं तर घ्या, न्हाईतर पुढं व्हा." यासेरला कुणीतरी हे सांगितलं. त्याने संध्याकाळी आईला समजावलं, मोठ्या प्रेमाने समजावलं, आणि शेवटी ते दोन शब्द उच्चारले. ती उठून माझ्याकडे वर आली.

"वर्षा," ती म्हणाली, "मक्केत पण असंच झालं मला. काबाभोवती तवाफ करून राहिले होते, अन् नजर सगळी बायकांच्या हातावर. कुठली कुठली बाई, काय तिचा मुलूख, अन् मी मनात माप घेऊन राहिले. अल्ला माफ करो."

मी हसले. तीही हसली. मग तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हसण्यावारी नको नेऊ. मला रात न् दिवस एकच वाटतं. मी गावं द्यायला नको होती."

तिने इथेच धंदा करून पाहावा, असं मी सुचवलं. एका रविवारी तिने दारात चटई टाकून पेटी उघडली. बायका आल्या, पण शेजारधर्म म्हणून आल्या. बांगड्या चपला घालून पाहाव्या तशा घालून पाहिल्या. एकीने हाताला साबण लावून स्वतःच चढवल्या. दुसरी म्हणाली, ड्रेसवर मॅचिंग हवं, काचेच्या नकोत. हात पुढे करून, मान तिकडे वळवून, "मावशी, भरा" असं कुणी म्हणालं नाही. अमीरबीने दुपारच्या आत पेटी बंद केली. त्या दिवशी तिचं तोंड बघवत नव्हतं.

आणि अशात बोरवाडीहून फोन आला.

माझी वहिनी तारामती हिने तो केला. तिच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, तनुजाचं लग्न ठरलं होतं. मला सांगून झाल्यावर वहिनीने अमीरबीचा नंबर मागितला आणि थेट तिला सांगितलं, "मावशी, आमच्या घरातल्या सगळ्यांचे चुडे तुम्ही भरले. तनुजाचा पण तुमच्याच हातानं व्हावा. दुसऱ्या कुणाचा हात मला न्हाई चालत." तारामती वहिनीचं असं असतं. एकदा बोलली की ते दगडावरची रेघ समजते.

अमीरबी लगेच "येते" म्हणाली. विचार करायला तिने श्वासभरही वेळ घेतला नाही. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की बोरवाडी आता तिची नाही.

चाचांनी हे ऐकलं तेव्हा मी तिथेच होते. लग्नाच्या प्रवासाचं बोलायला खाली गेले होते. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. त्याने हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"जबान दी सो दी," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, माझा भाऊ लवकर गेला. त्याच्या पोराच्या घरात आता कुठं दोन घास नीट चालले. हिनं गाव दिलं ते चार बायांपुढं दिलं. आता ही तिथं जाऊन बांगडी भरली तर त्या पोरीला कोण विचारंल?"

"मी पाहुणी म्हणून जाऊन राहिले," अमीरबी म्हणाली.

"तर पाहुणीसारखी जा. हात पदराखाली ठेव."

ती उठली. घरात जाऊन कपड्यांची पिशवी भरायला लागली.

लातूरहून नांदेडच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. माझा नवरा लग्नाच्या दिवशी येणार होता, म्हणून आम्ही दोघीच. अहमदपूरपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. अहमदपूरला गाडी थांबली, मी पेरू घेऊन आले, तर तिने पिशवीतून एक फडक्यात बांधलेलं गाठोडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी सोडून पाहिलं. आत हिरवा चुडा होता. गंजगोलाईतून, त्याच चिडक्या दुकानदाराकडून तिने तो निवडून घेतला होता.

"मावशी, चाचांना काय सांगितलं?"

"त्यांना कशाला सांगू?" ती म्हणाली. "मी महेरुनला विचारणार हाय. चोरून न्हाई काही करणार. बाकीची सगळी गावं तिला. मला फक्त बोरवाडी परत दे म्हणणार. एक गाव. एका गावानं तिचं काय जातं?"

मला वाटलं, खरंच, काय जातं? आणि त्याच वेळी असंही वाटलं की हे बरोबर नाही. मी पेरू फोडून अर्धा तिला दिला.

"तू काय करणार?" तिने अचानक विचारलं. "देवणीला जाणार गाई राखायला?"

"न्हाई."

"मग?"

नोकरी मला आवडते असंही नाही. ती सुटली की मी कोण उरते, हे मला माहीत नाही, आणि ते शोधायला गाईच्या गोठ्यात जायची माझी इच्छा नाही. हे सगळं मी तिला एसटीच्या खडखडाटात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि गाठोडं परत नीट बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरवाडीला आमच्या अंगणात मांडवाखाली सतरंजी पडली. हळदीआधी चुडा. गावातल्या बायका जमल्या, त्यातल्या निम्म्या तरी अमीरबीच्या गळ्यात पडल्या. "मावशी, लातूरचं पाणी मानवलं की!" "मावशी, वाळल्या तुम्ही!" एक म्हणाली त्याच्या नेमकं उलट दुसरीने म्हटलं. अमीरबी खुलली होती. इतक्या महिन्यांत मी तिला अशी पाहिली नव्हती. कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाची सासू कशाने गेली, धडाधड विचारत होती.

तेवढ्यात महेरुन पेटी घेऊन फाटकातून आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गाव तिचं होतं, लग्नाची खबर गावात होती, म्हणून ती आली होती. तिने अमीरबीला पाहिलं आणि जागीच थांबली. मग पुढे येऊन सलाम केला.

"चाची, तुम्ही?"

"लग्नाला आले," अमीरबी म्हणाली.

वहिनीला असल्या गोष्टी दिसत नाहीत, किंवा दिसल्या तरी ती त्यांना जुमानत नाही. तिने तनुजाचा दंड धरला आणि तिला आणून अमीरबीसमोर बसवलं. "चला मावशी, करा सुरुवात." महेरुन पेटी काखेत धरून उभीच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनी ते गाव देताना पाहिलं होतं, सगळ्यांनी.

अमीरबी उठली. "एक मिनट," म्हणाली आणि महेरुनला हौदाकडे घेऊन गेली. मी तिथेच कळशी भरत होते. मला निघून जायला हवं होतं, पण मी गेले नाही.

"महेरुन," अमीरबी म्हणाली, "बोरवाडी मला परत दे. बाकी सगळं तुझं. मी लातूरला बसून मरून राहिले, बेटा. खरं सांगते, मरून राहिले."

मी तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. भीक मागणाऱ्याचाही एवढा पडत नाही.

महेरुन हौदाच्या काठाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घ्या चाची. तुमचंच होतं."

आणि तिने काखेतली पेटी खाली ठेवली. पण लगेच हळू आवाजात पुढे बोलली. "फक्त एक सांगा. उद्या दुसऱ्या गावातल्या बाईनं तुम्हाला फोन केला तर? तिनं पण म्हटलं, आम्हाला अमीरबीचाच हात पाहिजे, तर? मला कोण बोलवंल मग? मी शिकूनच राहिले अजून. आत्ता कुठं बायका माझं नाव घ्यायला लागल्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, अमीरबीला भांडता आलं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि अंगणात परत आली.

"तारामती," ती वहिनीला म्हणाली, "गाव महेरुनचं हाय. चुडा तीच भरंल."

"असं कसं?" वहिनीचा पारा चढला. "लग्न आमच्या घरचं, पोरगी आमची, अन् वाटण्या तुमच्या? मी तुम्हाला लातूरवरून कशाला बोलवलं?"

"तुझ्या घरचं जेवायला," अमीरबी म्हणाली. बायका हसल्या. वहिनीला हसू आलं नाही. पण चार बायकांपुढे काय बोलणार? तिने तनुजाला महेरुनसमोर सरकवलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

महेरुनला हळदीकुंकू लावलं. तिने पेटी उघडली, तनुजाचा हात हातात घेतला. आमची तनुजा धडधाकट पोरगी. रानात राबणारी नाही, पण व्हॉलीबॉल खेळणारी, हाताची हाडं रुंद. शिवाय सगळ्या गावाचे डोळे आणि त्यात वहिनीचे. पहिली बांगडी कशीबशी गेली. दुसरी अंगठ्याच्या सांध्यावर अडली. महेरुनने जोर दिला आणि कट्‌ आवाज झाला. तनुजाच्या मनगटावर रक्ताचा थेंब उभा राहिला.

"वाढवली, वाढवली," एक म्हातारी घाईघाईने म्हणाली, कारण बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. पण म्हणून काय झालं? नवरीच्या चुड्यात काच मोडली, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. महेरुन मान खाली घालून काचेचे तुकडे गोळा करायला लागली. वहिनी पुढे झाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, आई होती. "मावशी, पाया पडते. आता तरी तुम्ही भरा."

महेरुननेही मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. "भरा चाची," ती म्हणाली. "मी काही म्हणणार न्हाई."

आता कुणाचीच हरकत नव्हती. नवरीची आई म्हणत होती, जिचं गाव तीच म्हणत होती. अमीरबीचा हात पदराखालून बाहेर आला. मी तो पाहिला. तनुजाच्या मनगटापाशी गेला, बोटं आपोआप जुळली. आणि मला, खरं सांगते, मनातून वाटत होतं की मावशी, भर. भर एकदाची. कशाला एवढा विचार करतेस?

तिने तनुजाचा हात धरला नाही. मनगटावरचा तो थेंब पदराच्या टोकाने टिपला, उठली आणि जाऊन महेरुनच्या मागे बसली.

या कामात दोघी असतात. पुढची हात भरते. मागची पेटीतून बांगडी निवडते, काच कुठे चिरलेली नाही ना ते बघते आणि पुढचीच्या हातात देते. मागे बसते ती नवी सून, शिकाऊ पोरगी. तिचं नाव कुणी घेत नाही आणि तिला हळदीकुंकूही शेवटी लागतं. अमीरबी स्वतः सासूच्या मागे अशी कितीतरी वर्षं बसली होती आणि पुढे बसायला मिळावं म्हणून तडफडली होती. महेरुनच्या मागे बसायला घरात कुणी नव्हतं, ती एकटीच यायची. आता तिच्या पाठीमागे तिला गाव देणारी म्हातारी मांडी घालून बसली, तेव्हा सगळं अंगण अवघडलं. वहिनीसुद्धा.

"चाची, तुम्ही मागं नका बसू," महेरुन कुजबुजली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणू दे. तू पुढं बघ. घाई करू नको, लगीन उद्या हाय," अमीरबी म्हणाली आणि पेटीतून एक बांगडी काढून उजेडात फिरवून तिच्या हातात दिली.

ती गेली. मग दुसरी गेली. तनुजाने डोळे मिटून घेतले होते, ते हळूहळू उघडले. महेरुनचे खांदे खाली आले. काही वेळाने ती मागे न बघताच तळहात पाठीमागे करायला लागली आणि म्हणायला लागली, "चाची, बारीक." अमीरबी बारीक देत होती. "ही नको, दुसरी." अमीरबी दुसरी देत होती. लातूरहून आणलेलं गाठोडंही तिने मध्येच सोडलं आणि त्यातला चुडा महेरुनच्या पेटीतल्या चुड्यात मिसळून टाकला. मला रडू येत होतं. मानाने मिरवलेली बाई अशी मागे बसलेली बघवत नव्हती, आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे दुःखही दिसत नव्हतं. तिला फुरसतच नव्हती.

नवरीनंतर घरच्या बायका, मग भावकी, मग शेजार. दुपार कलली. मीही हात भरून घेतला. महेरुनने माझा हात दाबला तेव्हा मी बोंबलले नाही, पण तिची पकड काही कमी नाही. शेवटी हळदीकुंकवाचं तबक फिरलं. आधी महेरुनला, मग मागे बसलेल्या अमीरबीला. वहिनीने दोघींची ओटी भरली आणि बराच वेळ अमीरबीचे हात सोडले नाहीत.

पेटी आवरताना अमीरबीने महेरुनला विचारलं, "पुढचं लगीन कुठं हाय?"

"पुढच्या आठवड्यात, पलीकडच्या तांड्याजवळ. पण चाची, लातूरवरून इतक्या लांब..."

"फोन कर," अमीरबी म्हणाली.

यासेर चिडणार होता. आईने पुन्हा कामाला लागावं, आणि तेही महेरुनच्या मागे बसून, हे त्याला पटणार नव्हतं. हुमाला कदाचित बरं वाटेल, डबे जागच्या जागी राहतील. एसटीच्या खेपा, गुडघे, पावसाळा, हे सगळं पुढे उभंच होतं. मी ते बोलूनही दाखवलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चाचा होते. दिवसभर बाकड्यावर त्यांचा जीव थाऱ्यावर नसावा, कारण त्यांचा आवाज मला दोन हातांवरूनही ऐकू येत होता.

"चुडा कौन भरी?"

"महेरुन भरी."

पलीकडे मोठा सुस्कारा. मग त्यांना आठवलं की बायको सकाळपासून तिथेच आहे.

"फिर तू क्या करी, दिनभर?"

अमीरबीने काचेच्या चुऱ्याने चरचरलेली बोटं पदराला पुसली.

"मैं?" ती म्हणाली. "मैं काम करी."